वस्तू घातक निघाली, आता तक्रार कोणाकडे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘तक्रार केली, तर म्हणाले हे आमच्याकडे येत नाही.’ ग्राहक मार्गदर्शनासाठी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्यांचा सूर हाच असतो. काही वेळा ती निव्वळ टोलवाटोलवी असते, पण बऱ्याचदा समोरचा माणूस खरंच बरोबर सांगत असतो. त्या वस्तूवर त्याचा अधिकारच चालत नसतो. कोणाचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याबद्दल पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. असुरक्षित वस्तूंसाठी सरकारचं एकच खातं का नाही?

कारण आपल्याकडे सगळ्या वस्तूंच्या सुरक्षिततेचा असा एक कायदाच नाही. जसा धोका पुढे आला, तसा त्या वस्तूपुरता कायदा झाला. स्फोटकांचा १८८४ चा, औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा १९४० चा, कीटकनाशकांचा १९६८ चा, अन्नाचा आधी १९५४ चा आणि आता २००६ चा, भारतीय मानक ब्यूरोचा म्हणजे बीआयएसचा सध्याचा २०१६ चा. प्रत्येक कायद्याने आपला निरीक्षक आणि आपली शिक्षा वेगळी ठरवली. त्यावर राज्यघटनेची वाटणी आहेच. स्फोटकं केंद्राच्या सूचीत आहेत, सार्वजनिक आरोग्य राज्याच्या, तर अन्नभेसळ आणि औषधं सामाईक सूचीत.

‘एकच नंबर’ मात्र आहे: १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती तुमची तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि बऱ्याचदा पैसे परत मिळवून देते. पण तिच्याकडे निरीक्षक नाही. दुकानात जाऊन माल जप्त करायचा असेल तर संबंधित खातंच लागतं.

२. माझ्या हातातल्या वस्तूचं खातं कोणतं, हे पटकन कसं ओळखायचं?

वस्तूवरचा क्रमांक वाचा. ज्याने परवाना दिला, तोच तो रद्द करू शकतो. म्हणून तक्रारीचं पहिलं दार तेच.

खाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा, १४ अंकी क्रमांक असतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे असतात आणि महाराष्ट्राचा संकेत १५ आहे. म्हणजे ११५ ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला परवाना, २१५ ने सुरू होणारी इथलीच नोंदणी आणि १०० ने सुरू होणारा क्रमांक केंद्राचा परवाना. घरगुती चिवडा विकणाऱ्या ताईंच्या पाकिटावर बहुधा २१५ दिसेल, मोठ्या कंपनीच्या बिस्किटावर १००.

कुकर, हेल्मेट, खेळणी यांवर आयएसआय चिन्ह असतं. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. चार्जर, पॉवर बँक अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. दोन्ही क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकले की कोणत्या कारखान्याचे आहेत आणि चालू आहेत की नाहीत, ते कळतं. औषधाच्या वेष्टनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि कारखान्याचा पत्ता असतो. तिथे पत्त्यातलं राज्य सगळ्यात महत्त्वाचं (का ते प्रश्न ६ मध्ये).

क्रमांकच नसेल, किंवा निर्मात्याचं नाव, पत्ता, महिना, किंमत यांपैकी काही गायब असेल, तर ते प्रकरण राज्याच्या वैधमापन शास्त्र विभागाचंही होतं. वजन-मापात मारलेला हात आणि पाकिटावरची छपाई हे त्यांचं काम. आतला माल विषारी आहे का, हे ते तपासत नाहीत.

३. एफएसएसएआय आणि एफडीए एकच का?

नाही. एफएसएसएआय ही दिल्लीची केंद्रीय संस्था. ती मानकं ठरवते, केंद्राचे परवाने देते आणि बंदरावर उतरणारं अन्न तपासते. महाराष्ट्राचं एफडीए म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन. बाजारात जाऊन नमुने घेणारे अन्न सुरक्षा अधिकारी बहुतांशी राज्याचेच असतात आणि त्यांचा वरिष्ठ म्हणजे राज्याचा अन्न सुरक्षा आयुक्त. कायदा दिल्लीचा, पाय राज्याचे. महाराष्ट्रात अन्न आणि औषध दोन्ही एकाच छपराखाली आहेत, गोव्यातही तसंच संचालनालय आहे. काही राज्यांत ही दोन वेगळी खाती आहेत. तिथल्या नातेवाईकांना सल्ला देताना हे लक्षात ठेवा.

महाराष्ट्र एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.

४. अधिकारी नमुना घेऊन गेले, पण दुकान चालूच आहे. सेटिंग झालं का?

झालंही असेल, पण आधी प्रक्रिया समजून घ्या. अन्नाचा नमुना घेताना त्याचे चार भाग करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर व्यावसायिकाला ३० दिवसांत अपील करता येतं आणि मग उरलेला भाग रेफरल प्रयोगशाळेत जातो. तिचा निष्कर्ष अंतिम.

अहवालातल्या शब्दावर पुढचं सगळं ठरतं. ‘कमी दर्जाचं’ किंवा ‘चुकीच्या लेबलचं’ निघालं तर प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जातं आणि दंडावर मिटतं. कमी दर्जासाठी कायद्यात ५ लाखांपर्यंत दंड आहे. ‘असुरक्षित’ निघालं तरच फौजदारी खटला. दुधात पाणी घालणं आणि दुधात डिटर्जंट घालणं आपल्याला सारखंच संतापजनक वाटतं, कायद्याला नाही.

लोकांच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर मात्र आयुक्त वाट न पाहता बंदीचा आदेश काढू शकतात. कलम ३० खाली एखादा पदार्थ राज्यभर जास्तीत जास्त एक वर्ष बंद ठेवता येतो. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखाबंदीचा आदेश दरवर्षी नव्याने का निघतो, याचं उत्तर या एका वर्षात आहे. (आदेश दरवर्षी निघतो आणि गुटखा दररोज मिळतो, ते दुखणं वेगळं.)

५. मी स्वतः नमुना सरकारी प्रयोगशाळेत देऊ शकतो का?

देऊ शकता, आणि ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एकच, पण तिथेच सगळे अडकतात: हा माल मी तपासायला देणार आहे, हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. घरी आणून, अर्धा डबा संपवून मग गेलात तर या कलमाचा उपयोग नाही. नमुना नापास झाला तर भरलेलं शुल्क परत मिळतं.

औषध आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी १९४० च्या कायद्यातलं कलम २६ अशीच सोय देतं. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल ग्राहक आयोगापुढे पुरावा म्हणून ठेवता येतो, पण त्याच्या आधारे अधिकारी थेट खटला भरू शकत नाहीत. त्यांना स्वतःचा नमुना घ्यावाच लागतो.

६. औषधाला परवानगी केंद्र देतं की राज्य? खोकल्याच्या औषधाच्या प्रकरणात सगळे एकमेकांकडे बोट का दाखवत होते?

नवं औषध बाजारात येऊ द्यायचं की नाही, त्याच्या चाचण्या आणि आयात हे केंद्राच्या औषध नियंत्रकाचं म्हणजे सीडीएससीओचं काम. पण नेहमीची औषधं बनवण्याचा आणि विकण्याचा परवाना राज्याचं खातं देतं. कारखाना ज्या राज्यात, परवाना त्या राज्याचा. लस, रक्तापासून बनलेली उत्पादनं आणि सलाइनसारखी मोठ्या बाटलीतली इंजेक्शनं यांवर दोघांचीही सही लागते.

ही वाटणी कुठे उसवते ते ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलं. ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचं सिरप तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात बनलं, मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या आसपास विकलं गेलं आणि मूत्रपिंड निकामी झालेली अनेक मुलं उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली गेली. वीसहून अधिक बालकांचा जीव गेला. केंद्राने आणि मध्य प्रदेशाने तिथे गोळा केलेल्या ज्या नमुन्यांचे निकाल आधी जाहीर झाले, त्यांत विषारी घटक आढळला नव्हता. मग मध्य प्रदेशाच्या विनंतीवरून तमिळनाडूच्या खात्याने थेट कारखान्यातून नमुना उचलला. त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकोल निघालं. मान्य मर्यादा ०.१ टक्के. त्यानंतर महाराष्ट्र एफडीएने एसआर-१३ या बॅचबद्दल इशारा काढला आणि तमिळनाडूने कंपनीचा परवाना रद्द केला.

म्हणजे मुलं आजारी पडली एका राज्यात, उपचार दुसऱ्या राज्यात आणि कारखान्याच्या दाराची किल्ली तिसऱ्याच राज्याकडे. बोट दाखवणाऱ्या प्रत्येकाकडे कायद्याचा आधार होता, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. परवाना देणाऱ्या राज्याने नियमित तपासणी केली नाही, तर माल जिथे विकला जातो त्या राज्याला ते मृत्यू झाल्याखेरीज कळत नाही.

७. मग महाराष्ट्राचं एफडीए परराज्यातल्या कारखान्यावर काहीच करू शकत नाही का?

कारखान्यात शिरू शकत नाही, बाकी बरंच करू शकतं. राज्यातल्या घाऊक विक्रेत्यांचा आणि मेडिकल दुकानांचा साठा थांबवू शकतं, नमुने घेऊ शकतं, आणि विक्री इथे झालेली असल्याने उत्पादकावर इथल्या न्यायालयात खटलाही भरू शकतं. परवाना रद्द करण्यासाठी मात्र त्या राज्याला लिहावं लागतं.

तुमच्याकडून हवी असते ती बॅच. औषधाची तक्रार करताना बाटली, बॅच क्रमांक आणि बिल जपा. बाटली धुऊन ठेवू नका. औषध दर्जेदार असूनही त्रास झाला असेल तर ती दर्जाची तक्रार नाही, दुष्परिणामाची नोंद आहे. त्यासाठी औषध-दक्षता कार्यक्रमाचा क्रमांक १८००-१८०-३०२४. तिथे रुग्णालाही नोंद करता येते, डॉक्टरच हवा असं नाही.

८. ग्लुकोमीटर, बीपी मशीन, ऑक्सिमीटर ही औषधं की इलेक्ट्रॉनिक वस्तू?

वैद्यकीय उपकरणं, म्हणजे औषध कायद्याखालीच. २०१७ च्या नियमांत धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्य देतं, सी आणि डीचा केंद्र. आयात कोणत्याही वर्गाची असो, परवाना केंद्राचाच.

९. आयएसआय चिन्ह सगळ्याच वस्तूंना सक्तीचं असतं का?

नाही. मुळात ते ऐच्छिक आहे. सक्तीचं होतं ते केंद्रातलं एखादं मंत्रालय ‘गुणवत्ता नियंत्रण आदेश’ काढतं तेव्हा. इथेही दोन हात आहेत: आदेश मंत्रालयाचा, अंमलबजावणी बीआयएसची. खेळणी आणि प्रेशर कुकरचे आदेश उद्योग खात्याने काढले, हेल्मेटचा रस्ते वाहतूक मंत्रालयाने, चार्जर वगैरेंचा इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आणि दुचाकीच्या हेल्मेटना १ जून २०२१ पासून सक्ती आहे.

सक्तीची वस्तू चिन्हाविना विकली तर बीआयएस छापा घालून माल जप्त करू शकतं. २०१६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख दंड, पुढच्या वेळी किमान ५ लाख, आणि दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. चिन्ह खरं असूनही माल मानकात बसत नसेल, तर परवानाधारकाला तो बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकारही बीआयएसकडे आहे. महाराष्ट्रात बीआयएसची कार्यालयं मुंबई, पुणे आणि नागपूर इथे आहेत.

१०. रस्त्याकडेला दोनशे रुपयांची हेल्मेट उघड विकतात. ट्रॅफिक पोलीस माझी पावती फाडतात, त्याला का पकडत नाहीत?

कारण पोलिसांच्या हातात मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ आहे आणि ते डोक्याबद्दल बोलतं, दुकानाबद्दल नाही. स्वाराने मानकाप्रमाणे असलेलं हेल्मेट घातलं आहे का, एवढंच ते पाहतं. विक्री हा बीआयएसचा प्रांत. बीआयएसकडे मनुष्यबळ थोडं आणि फुटपाथ अफाट, त्यामुळे छापे प्रामुख्याने कारखाने आणि गोदामांवर पडतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून बोगस हेल्मेटविरुद्ध मोहीम घ्यायला सांगितलं, ते याच कारणाने. तुमच्या भागात असा स्टॉल असेल तर बीआयएस केअरवर फोटो टाका आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. हवालदाराशी वाद घालून काही निघत नाही.

११. कारागिराने बनवलेल्या लाकडी खेळण्यांनाही आयएसआय लागतं का? सावंतवाडीहून आणलेली खेळणी बेकायदा झाली का?

नाही. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या खेळण्यांना आदेशातून सूट आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंच्या अधिकृत वापरकर्त्यांनाही आहे. पण सूट कारागिराला आहे, लाकडाला नाही. यंत्रावर घाऊक बनवलेल्या लाकडी गाड्या ‘पारंपरिक’ म्हणून विकल्या तर चिन्ह लागणारच. निर्यातीसाठी बनवलेल्या मालालाही हा आदेश लागू नाही, तिथे ज्या देशात माल जाईल त्या देशाचे नियम.

१२. ऑनलाइन घेतलेली वस्तू खराब निघाली. कंपनी म्हणते आम्ही फक्त मध्यस्थ. मग जबाबदार कोण?

इथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि जुलै २०२० मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, म्हणजे सीसीपीए, पुढे येतं. हे एका वस्तूचं खातं नाही. अनेक ग्राहकांना एकदम बाधणारा प्रश्न असेल तर कोणत्याही वस्तूबद्दल ते चौकशी करू शकतं, आणि कलम २० खाली धोकादायक माल परत मागवून पैसे परत करायला लावू शकतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने तेच केलं. सक्तीच्या मानकात न बसणारे कुकर ॲमेझॉनवरून २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून ५९८ विकले गेले होते. दोघांना प्रत्येकी १ लाख दंड झाला. ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, असा आदेश निघाला. विक्रीतून कमिशन घेतलं, तेव्हा हात झटकता येणार नाहीत, असा प्राधिकरणाचा रोख होता. दोन्ही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दंडाची रक्कम त्यांच्या लेखी किरकोळ, पण मध्यस्थ या शब्दामागे किती लपता येईल हा प्रश्न मोठा.

खाती एकमेकांना हाताशी धरतात तेव्हा काय होतं, याचं उदाहरण २०२३ चं आहे. सीटबेल्ट न लावताच गाडीचा इशारा बंद पाडणाऱ्या क्लिपा ऑनलाइन सर्रास मिळत होत्या. रस्ते वाहतूक मंत्रालयाने ग्राहक व्यवहार विभागाला कळवलं, सीसीपीएने पाच संकेतस्थळांना आदेश दिले आणि १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. वाहतूक खात्याकडे संकेतस्थळ आवरण्याचं साधन नव्हतं, सीसीपीएकडे वाहनाचं ज्ञान नव्हतं.

१३. सीसीपीए आणि ग्राहक आयोग यांत फरक काय? पैसे कोण देणार?

सीसीपीए सगळ्यांच्या वतीने बाजार आवरतं. तुमची वैयक्तिक भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. बीआयएस, एफडीए, सीसीपीए यांपैकी कोणीही तुमच्या भाजलेल्या हाताचा दवाखान्याचा खर्च देववणार नाही, हे मनाशी पक्कं करा. कायद्याच्या कलम ८२ ते ८७ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी निर्माता, विक्रेता आणि सेवा देणारा कधी जबाबदार ठरतो, ते दिलं आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे बहुतेक सगळे तिथेच. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो. मुदत दोन वर्षं. खात्याचा अहवाल येईपर्यंत थांबून ही मुदत घालवू नका, दोन्ही रस्ते एकाच वेळी चालू ठेवता येतात.

१४. मी एकच तक्रार सगळ्या खात्यांना एकत्र ईमेल केली. हरकत नाही ना?

बेकायदा नाही, पण एक ना धड भाराभर चिंध्या. सात पत्ते पाहिले की प्रत्येक जण समजतो, बाकीचे सहा बघतील. परवाना देणाऱ्या खात्याला (प्रश्न २) मुख्य तक्रार करा, तिचा क्रमांक घ्या आणि मग दुसऱ्या खात्याला त्याच्या अखत्यारीतला मुद्दाच तेवढा लिहा. बनावट आयएसआय चिन्ह बीआयएसला, छापलेली किंमत खोडलेली असेल तर वैधमापनला.

सीसीपीएकडे चुकीची तक्रार गेली तर कलम १९ मध्ये सोय आहे: प्राथमिक चौकशीत प्रकरण दुसऱ्या कायद्याच्या नियामकाचं आहे असं दिसलं, तर ते अहवालासह तिकडे पाठवू शकतात. शिवाय कलम १७ नुसार ही तक्रार तुम्ही थेट तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही देऊ शकता.

१५. एका राज्यात वस्तू नापास, दुसऱ्यात पास. खरं कोणाचं मानायचं?

मॅगीचं उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेल्या नमुन्यावरून वाद सुरू झाला. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने देशभर नऊ प्रकार थांबवले, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र एफडीएने आपला आदेश काढला. त्याच सुमारास गोव्याच्या एफडीएला मात्र आपल्या नमुन्यांत काही वावगं आढळलं नव्हतं. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही बंदी आदेश रद्द केले. कंपनीला बाजू मांडू दिली नाही आणि चाचणी केलेल्या प्रयोगशाळा त्या कामासाठी मान्यताप्राप्त नव्हत्या, ही मुख्य कारणं. नव्याने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तपासणी झाली, नमुने उत्तीर्ण झाले आणि मॅगी परत आली.

म्हणून उत्तर असं: नमुना वेगळा, बॅच वेगळी असेल तर दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. पण मान्यता नसलेल्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष खरा असला तरी न्यायालयात टिकत नाही, आणि मग दोषी आणि निर्दोष दोघंही सारखेच सुटतात.

१६. पाण्याची बाटली आणि लग्नातले थंड पाण्याचे जार कोणाकडे येतात?

सीलबंद बाटली अन्न कायद्याखाली. पूर्वी तिला एफएसएसएआय आणि आयएसआय दोन्ही सक्तीचे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीआयएसची सक्ती काढली गेली आणि त्यानंतर या पाण्याला जास्त धोक्याच्या अन्नवर्गात टाकण्यात आलं. त्यामुळे बाटलीवर आयएसआय दिसलं नाही म्हणून आता ती बनावट ठरत नाही. १४ अंकी क्रमांक हवाच. नळाचे थंड जार सीलबंद नसतात, त्यामुळे ते ‘पॅकबंद पाण्या’च्या व्याख्येत सरळ बसत नाहीत. नेमकं इथेच एफडीए आणि स्थानिक संस्था एकमेकांकडे बघतात. अशा वेळी महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या आरोग्य खात्याला आधी लिहा.

१७. गॅस सिलिंडर, शेगडी, नळी: सगळं गॅस एजन्सीचंच ना?

सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह यांवर पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, लक्ष ठेवते. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. शेगडी आणि रबरी नळीचं मानक बीआयएसचं. घरपोच देताना तपासून देणं ही वितरकाची जबाबदारी.

सिलिंडरच्या कड्याजवळच्या उभ्या पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि दोन अंक रंगवलेले असतात, उदाहरणार्थ ‘बी-२८’. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. बी-२८ म्हणजे जून २०२८ पर्यंत चाचणी वैध. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करा. गळती असेल तर तक्रारीचा विचार नंतर, आधी १९०६ ला फोन.

१८. फटाक्यांचं काय?

फटाक्यातल्या दारूच्या मिश्रणाला मंजुरी पेसोची, दिवाळीतल्या तात्पुरत्या स्टॉलचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांचा, आणि आवाज-धुराची मोजणी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. रात्री उशिरा वाजणाऱ्या फटाक्याची तक्रार मात्र थेट पोलिसांना.

१९. ई-स्कूटरने पेट घेतला. आरटीओकडे जायचं का?

आरटीओ गाडीची नोंदणी करतं, तिचं डिझाइन तपासत नाही. मॉडेलला मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्था देतात. सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ११०अ खाली केंद्र सरकारला आहे. आग लागली असेल तर पोलीस पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला घ्या, जळालेली गाडी कंपनीच्या ताब्यात देण्याआधी फोटो काढा.

अपवाद: २५० वॅटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि बॅटरी वगळून ६० किलोपर्यंत वजनाची ई-बाईक कायद्याने ‘मोटार वाहन’ नाही. तिला नंबरप्लेट नसते, त्यामुळे परत मागवण्याची वरची तरतूदही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे प्रश्न १२ आणि १३ चा रस्ता. विक्रेते वेगाची मर्यादा काढून देतात, तेव्हा ती गाडी या सवलतीत राहत नाही आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

२०. प्रोटीन पावडर, च्यवनप्राश, टूथपेस्ट, मच्छर अगरबत्ती: यांचे मालक कोण?

प्रोटीन पावडर अन्न आहे. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेतलेला च्यवनप्राश औषध आहे. टूथपेस्ट बहुधा सौंदर्यप्रसाधन, पण औषधी दावा असेल तर औषध. तिघांसाठीही महाराष्ट्रात एफडीएच, फक्त शाखा वेगळी. मच्छर अगरबत्ती मात्र कीटकनाशक कायद्याखाली येते. केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीकडे तिची नोंदणी असते आणि राज्यातले कीटकनाशक निरीक्षक कृषी खात्याचे. म्हणून ‘कृषी खात्याकडे जा’ असं कोणी सांगितलं तर तो टोलवत नाहीये.

२१. बरोबर खात्याकडे तक्रार केली, क्रमांक मिळाला, आता कोणी उत्तर देत नाही. पुढे?

राज्याच्या खात्यासाठी ‘आपले सरकार’ आणि केंद्राच्या खात्यासाठी केंद्राचं तक्रार निवारण पोर्टल आहे, पण माझा भर माहिती अधिकारावर असतो. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘काय कारवाई केली’ असं मोघम विचारू नका. तपासणी कोणत्या तारखेला झाली, नमुना कोणत्या प्रयोगशाळेत गेला, अहवाल कधी आला, त्याची प्रत द्या, एवढंच विचारा. ‘तपास चालू आहे’ म्हणून नकार आला तर माहिती दिल्याने तपासाला नेमका काय अडथळा येईल, हे त्यांना सांगावं लागतं. तसं न सांगता नकार दिला असेल तर पहिलं अपील करा.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. एफडीए आणि वैधमापन दोन्हींकडे तक्रार केली असेल तर अर्ज दोन करा, आणि बीआयएस केंद्राचं असल्याने त्याचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवरून जाईल.